छोट्या मोटारहोमसाठी सौर पॅनेल: छत, बॅटरी आणि रोजचा वापर यांचा मेळ कसा घालावा?

चाकांवरचे घर (धागाकर्ता)

नमस्कार. सुमारे ६ मीटर लांबीच्या एका व्हॅनचे मोटारहोम करण्याचे काम आम्ही हाती घेतले आहे. आतले लाकूडकाम संपत आले असून आता विजेची व्यवस्था ठरवायची आहे. प्रवास आम्ही दोघेच करणार, बहुतेक मुक्काम वीजजोडणी नसलेल्या जागी असतील आणि एका जागी दोन-तीन रात्री राहून पुढे निघावे असा आमचा विचार आहे.

छताचा सपाट भाग १.५ मीटर रुंद आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना उतार सुरू होतो. पुढच्या बाजूला १.८ मीटर लांबीची सलग मोकळी जागा मिळते. त्यामागे ४० सेंटिमीटरचा हवेचा पंखा बसला आहे, पंख्यामागे ९० सेंटिमीटर मोकळे आहेत आणि अगदी मागे उघडणारी खिडकी आहे. विजेवर चालणाऱ्या वस्तूंत १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज, छतावरचा पंखा, दिवे, पाण्याचा पंप, दोन फोन आणि कामासाठी रोज चार तास चालणारा एक लॅपटॉप एवढेच आहे. स्वयंपाक गॅसवर होईल.

मला मुख्यतः तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पॅनेल २०० वॅटचे पुरेल की ४०० वॅटचे घ्यावे? काचेचे कडक पॅनेल बरे की चिकटवता येणारे लवचिक? आणि बॅटरी किती मोठी असावी?

वॅटमापक

आपण वस्तूंची यादी दिली आहे, त्यामुळे थेट हिशेबालाच हात घालतो. अशा धाग्यांवर चर्चा बहुधा पॅनेलच्या वॅटपासून सुरू होते. खरे तर ती रोजच्या वॅट-तासांपासून (वॅट गुणिले वापराचे तास) सुरू व्हायला हवी, कारण पॅनेलवरचा आकडा हा प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतला असतो. दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाश आणि सौरघटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस अशी ती परिस्थिती. छतावर भर उन्हात घटाचे तापमान ६० अंशांच्याही वर जाते, आणि दर अंशामागे ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटत असल्याने केवळ उष्णतेपायी १२ ते १५ टक्के वीज कमी मिळते.

आपला वापर मी असा मांडतो. फ्रीजचा कंप्रेसर चालू असताना साधारण ४५ वॅट घेतो. दिवसाच्या चोवीस तासांपैकी चाळीस टक्के वेळ तो चालला तर सुमारे ४३० वॅट-तास होतात. पंखा मधल्या वेगावर २५ वॅटने आठ तास चालला तर २००, चार वॅटचे चार दिवे चार तास जळले तर ६४, लॅपटॉपचे २४०, फोनचे ४० आणि पंपाचे जेमतेम १०. एकूण बेरीज १००० वॅट-तासांच्या आसपास येते.

आता उत्पादन. दिवसभराचे ऊन पूर्ण प्रखर उन्हाच्या, म्हणजे दर चौरस मीटरला १००० वॅट प्रकाशाच्या, तासांत मोजण्याची रीत आहे. एखाद्या जागी दिवसभरात ४.५ प्रखर तास मिळत असतील, तर ४०० वॅटचे सपाट बसवलेले पॅनेल उष्णता, धूळ, तारा आणि कंट्रोलर (पॅनेलकडून बॅटरीत जाणारी वीज नियंत्रित करणारे उपकरण) यांची घट वजा जाता, म्हणजे साधारण ७० टक्के धरून, १२६० वॅट-तास देईल. २०० वॅटचे पॅनेल ६३० देईल. प्रखर तास तीनच मिळाले तर ४०० वॅटमधूनही ८४० मिळतील. म्हणून २०० वॅट आपल्याला पुरणार नाही, हे मी निःशंकपणे सांगतो. ४०० वॅट स्वच्छ उन्हात पुरेल आणि ढगाळ दिवशी अपुरे पडेल.

एक गोष्ट मात्र आवर्जून पाळावी. लॅपटॉप इन्व्हर्टरवर चालवू नका, १२ व्होल्टवरून थेट चालणारा टाइप-सी चार्जर बसवा. मोठा इन्व्हर्टर काहीही जोडलेले नसताना नुसता चालू राहिला, तरी १० ते २० वॅट खातो. चोवीस तासांत ही गळती २४० ते ४८० वॅट-तासांवर जाते, म्हणजे वाईट स्थितीत फ्रीजहून जास्त.

उन्हातला मुक्काम

वरचा हिशेब मला पटला, पण फ्रीजच्या चाळीस टक्क्यांवर फार विसंबू नये. बाहेर ३५ अंश तापमान असेल, फ्रीजमागे हवा खेळायला जागा नसेल आणि दार वारंवार उघडले जात असेल, तर कंप्रेसर साठ टक्के वेळही चालतो, आणि मग एकट्या फ्रीजचेच ६५० वॅट-तास होतात. पॅनेल वाढवण्याआधी फ्रीजच्या मागे वर-खाली हवेची वाट ठेवा. लाकूडकाम पूर्ण झालेले नाही, तोवर हे काम सोपे आहे.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी आणखी एक नोंद. काही जुन्या मोटारहोममध्ये गॅस, १२ व्होल्ट आणि घरची वीज अशा तिन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रीज असतो. तो १२ व्होल्टवर शंभर वॅटहून अधिक वीज जवळजवळ अखंड ओढतो. त्याला सौर विजेवर चालवायचा प्रयत्न करू नये. तो मुक्कामी गॅसवरच चालवावा. धागाकर्त्यांनी कंप्रेसरचा फ्रीज घेतला, हे उत्तम झाले.

निळे छत

पॅनेलच्या प्रकाराबद्दल माझे मत ठाम आहे: छत सपाट आणि मजबूत असेल तर काचेचे कडक पॅनेलच घ्यावे. लवचिक पॅनेल हलके असते, २०० वॅटला चार किलोच्या आसपास, आणि दिसतेही सुबक. परंतु ते थेट छताला चिकटवल्यामुळे त्याच्या खालून हवा वाहत नाही. ते अधिक तापते, त्यामुळे वीज कमी देते आणि त्याचे आयुष्यही घटते. छताच्या हादऱ्यांनी आणि वाकण्याने आतल्या सौरघटांना बारीक तडे जातात, तडा गेलेला भाग तापून डाग पडतो आणि पुढे तिथेच पॅनेल जळू लागते. चांगल्या प्रतीच्या काचेच्या पॅनेलला २५ वर्षांची उत्पादन-हमी मिळते; लवचिक पॅनेलच्या हमीपत्रावर वर्षांचा आकडा किती लहान असतो, ते वाचून पाहावे.

आपल्या पुढच्या १.८ × १.५ मीटरच्या जागेत दोन पर्याय बसतात. पहिला, साधारण १.५ × ०.७ मीटरची २०० वॅटची दोन पॅनेल शेजारी-शेजारी. दुसरा, घरांच्या छतावर बसवतात तसे १.७२ × १.१३ मीटरचे ४०० वॅटहून थोडे अधिक देणारे एकच पॅनेल. वजन दोन्हींचे जवळपास सारखे, २१ ते २४ किलो. घरगुती पॅनेल दर वॅटमागे स्वस्त पडते आणि जोडण्याही कमी होतात. फक्त ते बारा व्होल्टच्या बॅटरीला साध्या पीडब्ल्यूएम कंट्रोलरने जोडू नये.

वाचनमात्र

पीडब्ल्यूएम आणि एमपीपीटी यांत नेमका फरक काय, हे कोणी सविस्तर सांगेल का? दुकानात दोन्ही कंट्रोलर सारखेच दिसतात आणि एक बराच स्वस्त असतो.

तांब्याची तार

पीडब्ल्यूएम कंट्रोलर हा मूलतः वेगाने उघड-बंद होणारा स्विच आहे. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो. १०० वॅटचे पॅनेल १८ व्होल्टला ५.५ अँपिअर देत असेल आणि बॅटरी १३.२ व्होल्टवर असेल, तर प्रवाह तेवढाच राहून हाती ७३ वॅट लागतात, उरलेले वाया जातात. घरगुती पॅनेल ३१ व्होल्टच्या आसपास काम करते, त्यामुळे तिथे निम्म्याहून अधिक वीज जाईल. एमपीपीटी कंट्रोलर मात्र पॅनेलला त्याच्या सर्वाधिक उत्पादनाच्या व्होल्टेजवर ठेवतो आणि जादा व्होल्टेजचे रूपांतर जादा प्रवाहात करतो. ४०० वॅटच्या व्यवस्थेत एमपीपीटीच हवा, इथे काटकसर करू नये.

कंट्रोलर निवडताना त्यावरचे दोन आकडे पाहावेत. पहिला पॅनेलकडून सोसता येणारे कमाल व्होल्टेज, दुसरा बॅटरीला देता येणारा कमाल प्रवाह. ४०० भागिले १३.३ म्हणजे ३० अँपिअर, तेव्हा १०० व्होल्ट आणि ३० अँपिअरचा कंट्रोलर आपल्याला योग्य ठरेल. व्होल्टेजचा हिशेब थंडीतल्या सकाळचा करावा, कारण थंडीत पॅनेलचे व्होल्टेज वाढते. खुल्या मंडलात (काहीही जोडलेले नसताना) २४ व्होल्ट देणारी दोन पॅनेल एकसर, म्हणजे एकामागून एक, जोडली तर ४८ होतात, आणि उणे १० अंशांत तेच ५३ च्या आसपास जातात. १०० च्या मर्यादेत हे निश्चिंतपणे बसते. घरगुती पॅनेल मात्र दोन एकसर जोडायची ठरवली, तर हा हिशेब फार काळजीपूर्वक करावा लागेल. प्रवाह मर्यादेपेक्षा थोडा जास्त आला तर चांगला कंट्रोलर तो स्वतःच रोखतो. व्होल्टेज ओलांडले तर कंट्रोलर जळतो.

उन्हातला मुक्काम

दोन पॅनेल घेतल्यास ती समांतरच जोडावीत असे मी सुचवेन. एकसर जोडणीत एका पॅनेलवर झाडाची किंवा पंख्याची सावली पडली, की दुसऱ्याचाही प्रवाह अडतो.

तांब्याची तार

हे अर्धेच खरे आहे, आणि या मुद्द्यावर बरेच जण फसतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. प्रत्येक पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात. पॅनेलच्या एका भागावर गडद सावली पडली, तर डायोड त्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेतो. एकसर जोडणीत मग एका पॅनेलचा सावलीतला भाग तेवढा वजा होतो आणि उरलेले व्होल्टेज बॅटरीहून पुष्कळ वर राहते. उलट, बारा व्होल्टच्या धर्तीची पॅनेल समांतर असतील आणि एकाचा अर्धा भाग सावलीत गेला, तर त्या पॅनेलचे व्होल्टेज दहाच्या आसपास उतरते. ते बॅटरीपेक्षाही कमी असल्याने त्याच्या चांगल्या अर्ध्या भागाचा उपयोग जवळजवळ होत नाही. समांतर जोडणीचा खरा फायदा एक पॅनेल संपूर्ण सावलीत आणि दुसरे संपूर्ण उन्हात असताना होतो.

दुसरा विचार तारांचा. छतापासून कंट्रोलरपर्यंत ५ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर तार धरू. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ३.१ मिलिओहम असतो. समांतर जोडणीत २० अँपिअर वाहतात आणि ०.६२ व्होल्ट तारेत जातात, म्हणजे २० व्होल्टमागे ३ टक्के. एकसर जोडणीत १० अँपिअर वाहतात आणि ४० व्होल्टमागे ०.३१ व्होल्ट जातात, म्हणजे एक टक्काही नाही. तारेतली वाया जाणारी वीज थेट चौथाईवर येते. पुढच्या मोकळ्या जागेत दोन्ही पॅनेल शेजारी असल्याने माझा कौल एकसर जोडणीला आहे.

उन्हातला मुक्काम

डायोडचा मुद्दा मान्य. तरीही जे लोक वारंवार झाडांखाली गाडी लावतात, त्यांच्यासाठी छताच्या पॅनेलबरोबर दुमडून ठेवता येणारे १०० ते १५० वॅटचे सुटे पॅनेल विचारात घेण्याजोगे आहे. गाडी सावलीत गार राहते आणि पॅनेल उन्हात सूर्याकडे तोंड करून मांडता येते. सूर्य खाली असताना अशा कलत्या पॅनेलचा सपाट पॅनेलपेक्षा बराच अधिक लाभ होतो.

चाकांवरचे घर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. ४०० वॅट, कडक पॅनेल आणि एमपीपीटी इथपर्यंत निर्णय झाला. पंख्यामागच्या ९० सेंटिमीटरमध्ये आणखी १०० वॅटचे एक पॅनेल बसवावे का? ढगाळ दिवसांसाठी जितके जास्त तितके चांगले, असे आम्हाला वाटत होते.

वॅटमापक

माझ्या मते बसवू नये. ते पॅनेल पंखा आणि खिडकी यांच्या मधोमध येईल, उघडलेल्या झाकणांची सावली दिवसातले बरेच तास त्यावर राहील, आणि निराळ्या प्रवाहाचे पॅनेल त्याच एकसर रांगेत जोडता येणार नसल्याने त्याला वेगळा कंट्रोलर लागेल. शिवाय दाट ढगांत पॅनेलचे उत्पादन स्वच्छ दिवसाच्या दहा ते पंचवीस टक्क्यांवर उतरते. ४०० वॅटमधून त्या दिवशी १२५ ते ३०० वॅट-तास मिळतील. शंभर वॅट वाढवून त्यात तीस ते पंच्याहत्तरची भर पडेल. एवढ्याने फ्रीज चालत नाही.

ढगाळ दिवसांचा इलाज छोट्या गाडीत छतावर नसतो; तो इंजिनजवळ असतो. आपण दर दोन-तीन दिवसांनी गाडी हलवणार आहात. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह) इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या अल्टरनेटरकडून सुमारे ४०० वॅट घेऊन राहण्याच्या भागातल्या बॅटरीत भरतो. दोन तासांच्या प्रवासात ८०० वॅट-तास जमा होतात, म्हणजे मध्यम उन्हातल्या आपल्या संपूर्ण छताच्या एका दिवसाच्या कमाईएवढे. म्हणून त्या जादा पॅनेलच्या शंभर वॅटऐवजी तो खर्च या चार्जरवर करा. लिथियम बॅटरी साध्या रिलेने (विजेवर उघड-बंद होणाऱ्या स्विचने) अल्टरनेटरला जोडू नये. तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती हवा तेवढा प्रवाह खेचते आणि गाडी मंद वेगात चालू असताना अल्टरनेटर तापून बिघडू शकतो. डीसी-डीसी चार्जर हा प्रवाह आवरून धरतो.

कोणत्या महिन्यात कुठे फिरणार, यावरही बरेच काही अवलंबून आहे. उत्तर गोलार्धात ५० अंश अक्षांशावर डिसेंबरमध्ये सपाट पॅनेलला दिवसाला सरासरी एक प्रखर तासही मिळत नाही. तिथे ४०० काय आणि ८०० काय, छतावर विसंबून राहता येत नाही. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने पीव्हीजीआयएस नावाचे मोफत साधन उपलब्ध केले आहे. त्यात जागा निवडली आणि पॅनेलचा कल शून्य अंश दिला, की महिनावार आकडे मिळतात. मार्ग ठरवताना ते जरूर पाहावेत.

निळे छत

बॅटरीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घ्यावी. १०० अँपिअर-तासांची अशी बॅटरी १२८० वॅट-तास साठवते, त्यातले ८० टक्के निर्धास्तपणे वापरता येतात आणि तिचे वजन ११ ते १३ किलो असते. तेवढाच उपयोग एजीएम प्रकारच्या शिसे-आम्ल बॅटरीतून हवा असेल तर २०० अँपिअर-तास लागतात, कारण ती निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर खराब होते, आणि वजन ५५ ते ६० किलोंवर जाते. छोट्या गाडीत हे पंचेचाळीस किलो फार मोलाचे आहेत. शिसे-आम्ल बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास घेते, त्यामुळे दुपारचे ऊन असूनही तिला ते पूर्ण घेता येत नाही, हाही तोटा आहेच.

आपल्याला १०० ऐवजी २०० अँपिअर-तासांची लिथियम घेणे मी योग्य समजतो. १०० मध्ये एक दिवस आणि एक रात्र निघेल, २०० मध्ये दोन पूर्ण ढगाळ दिवस निघतील, आणि आपला मुक्काम तेवढाच आहे. शून्य अंशाखाली मात्र ही बॅटरी चार्ज करता येत नाही. तिच्यातील संरक्षक मंडल तापमान पाहून चार्जिंग थांबवते की नाही, हे खरेदीपूर्वी तपासून घ्यावे, आणि ती गाडीच्या आत, उबेला बसवावी.

तिचे व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहते, त्यामुळे व्होल्टेज पाहून किती वीज शिल्लक आहे ते कळत नाही. ऋण टोकावर शंट (अगदी कमी रोधाची पट्टी) बसवून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारे मीटर लावावे.

तांब्याची तार

बसवण्याच्या कामातल्या काही गोष्टी. कंट्रोलर बॅटरीपासून एक मीटरच्या आत ठेवा आणि त्या टप्प्यात १० चौरस मिलिमीटरची तार वापरा. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच ४० अँपिअरचा फ्यूज हवा. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो ऊर्जेच्या उगमाजवळ बसतो. कंट्रोलरच्या टोकाला बसवला तर मधली सगळी तार उघड्यावर राहते. पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामध्ये दोन्ही तारा तोडणारा, डीसीसाठीच बनवलेला स्विच लावा. पॅनेलच्या तारांचे एमसी४ प्रकारचे जोड चालू प्रवाहात कधीही ओढून काढू नका, डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही. आणि दोन वेगवेगळ्या उत्पादकांचे जोड एकमेकांत बसत असले, तरी ते मिसळू नका. छतावरचे जोड तापून वितळण्यामागे हे नेहमीचे कारण असते.

कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, नंतर पॅनेल. काढताना आधी पॅनेल, नंतर बॅटरी.

निळे छत

पॅनेल बसवताना खाली निदान तीन सेंटिमीटर हवा खेळती ठेवावी. छताला भोके न पाडता पॉलियुरेथेनच्या चिकटपदार्थावर कोपऱ्यांचे आधार बसवता येतात, पण रंगाचा थर पक्का आहे याची खात्री करा, कारण चिकटपदार्थ रंगाला धरतो आणि रंग सुटला तर पॅनेलही सुटते. थर अगदी दाबून पातळ करू नका, दोन-तीन मिलिमीटर जाडी राहू द्या. हादरे त्यातच जिरतात. तो हवेतल्या ओलाव्याने कडेकडून आत वाळत जातो, म्हणून गाडी काही दिवस रस्त्यावर काढू नका. छताला रेल असतील तर आडव्या पट्ट्यांवर बोल्टने बसवणे माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाचे आहे.

चाकांवरचे घर (धागाकर्ता)

आमच्या छताला कारखान्यातूनच बोल्टच्या जागा दिलेल्या आहेत, त्यामुळे आडव्या पट्ट्यांचाच मार्ग धरतो. २०० वॅटची दोन कडक पॅनेल एकसर, १०० व्होल्ट आणि ३० अँपिअरचा एमपीपीटी, २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी, ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर आणि शंट असे ठरले. पंख्यामागची जागा मोकळी ठेवतो. फ्रीजमागची फळी उद्याच काढून हवेची वाट करणार आहे.

एक शेवटची शंका. वर्षातले तीन-चार महिने गाडी झाकून ठेवावी लागते. त्या काळात बॅटरी पूर्ण भरून ठेवावी का?

वॅटमापक

पूर्ण भरून ठेवू नका. शिसे-आम्ल बॅटरीला तशी सवय लावावी लागते, लिथियमला नाही. ती ५० ते ६० टक्क्यांवर आणून सर्व उपकरणे मुख्य स्विचने तोडा, आणि पॅनेलचा स्विचही बंद करा. शंट आणि बॅटरीतले संरक्षक मंडल अगदी थोडी वीज घेत राहतात, तेव्हा महिन्या-दीड महिन्याने एकदा शिल्लक पाहावी आणि ती ३० टक्क्यांखाली गेली असेल तर झाकण काढून दुपारभर पॅनेलचा स्विच चालू ठेवावा.